घोड्याच्या रक्ताची परीक्षा

चंदी रोजच्यासारखी संपते, पाण्यालाहि तोंड लागतें, तरी घोडें दिवसेंदिवस उतरत जातें. बरगड्या मोजतां येऊं लागतात, पोटाखालीं आणि पायांवर सूज चढते, डोळ्याची पापणी उलटून पाहिली तर आंतील लाली जाऊन फिकटपणा आलेला दिसतो. चार दिवस ताप येतो, मग आपोआप उतरतो. धनी निश्चिंत होतो तोंच पुन्हां अंग तापूं लागतें. पावसाळ्यांत किंवा पावसाळा सरतांना असें घोडें दारांत उभें असलें म्हणजे मालकास सल्ला देणारांची वाण पडत नाहीं. एक म्हणतो, पोटांत जंत झाले आहेत, जंताचें औषध पाजा. दुसरा म्हणतो, कंबरेंत वारें भरलें आहे, डाग द्या. तिसरा कोणतें तरी इंजेक्शन टोंचून घेण्यास सांगतो. यांपैकीं एखादा सल्ला खरा ठरणें अशक्य नाहीं. परंतु तो खरा कीं खोटा हें ठरविण्याचें साधन घोड्याच्या अंगांतच वाहत असतें, आणि औषधाची पहिली मात्रा देण्यापूर्वीं तें पाहून घ्यावें हें फारच थोड्यांना सुचतें. रक्ताच्या परीक्षेनें घोड्यांतील परोपजीवी जंतु कसे ओळखतां येतात, कोणत्या परीक्षेचा अर्थ काय, आणि कोठें रक्त मुळींच बोलत नाहीं, हें शाहूवाडीकडील परिस्थिति डोळ्यांपुढें ठेवून आम्ही येथें सांगणार आहों.

घोडें आणि हा मुलूख यांचा संबंध जुना आहे. १६६० च्या जुलैंत बाजीप्रभूंच्या पराक्रमानें पावन झालेली खिंड याच तालुक्यांतील, आणि तिचें मूळचें नांव घोडखिंड. विशाळगड जहागिरीचा कारभार मलकापुराहून चाले त्या काळीं डोंगरवाटांवर तट्टावांचून भागत नसे. आज आंबा घाटांतून मोटारी धांवतात व घोडें हें गरजेचें जनावर राहिलें नाहीं, हें खरें. तरी शर्यतीच्या गाडीचा घोडा, वरातीची घोडी आणि मेंढपाळ धनगरांचें बिऱ्हाड पाठीवर वाहणारें तट्टू हीं आपल्या बाजूस अजून पाहावयास मिळतात. दख्खनच्या भीमथडी घोड्याची तर स्वतंत्र देशी जात म्हणून अलीकडे सरकारदरबारीं नोंदहि झाली आहे. घोडीं थोडीं झालीं म्हणून त्यांचें मोल कमी झालें नाहीं. कमी झाला तो घोड्यांचा जाणता साळोत्री. गाय-म्हशींचे आजार घरोघर सर्वांस ठाऊक असतात, घोड्याचें दुखणें मात्र अंदाजानें चालवून घ्यावें लागतें, आणि या अंदाजांतच घोडें हातचें जातें.

त्यांत येथील जमीन व हवा पाहावी. वारणा, कडवी आणि कासारी या नद्यांचीं खोरीं, सह्याद्रीचा झोडपून काढणारा पाऊस, रानाला लागून असलेलीं कुरणें, ठिकठिकाणीं सांचलेलें पाणी, आणि एकाच छपराखालीं म्हैस, बैल व घोडें बांधण्याची आपली चाल. चावऱ्या माशा, गोचीड आणि डांस या तिघांना याहून सोयीचें ठिकाण मिळणें कठीण. आणि एका जनावराच्या रक्तांतील जंतु दुसऱ्याच्या अंगांत पोंचविणारे मुख्यत्वेंकरून हेच तिघे होत.

या सर्व रोगांत घोड्याला अत्यंत घातक तो सर्रा. या रोगाचा जंतु प्रथम ओळखला गेला तो आपल्याच देशांत. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स नांवाचे एक पशुवैद्य सिंधु नदीच्या कांठीं डेरा इस्माइलखान येथें, म्हणजे आतांच्या पाकिस्तानांत, आजारी घोडे व उंट यांचें रक्त तपाशीत असतां त्यांना त्यांत चाबकाच्या वादीसारखा वळवळणारा एक सूक्ष्म जंतु दिसला. रक्तांतील असले जंतु निरुपद्रवी होत अशी त्या काळच्या तज्ज्ञांची समजूत होती. इव्हान्स यांनीं रोगी जनावराचें रक्त निरोगी जनावराच्या अंगांत घालून तीच व्याधि उत्पन्न करून दाखविली, आणि पुढें त्या जंतूस त्यांचेंच नांव मिळून तो ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी झाला. या कामांत महाराष्ट्राचाहि वांटा आहे. १८८९ साली सरकारनें जंतुशास्त्राची पहिली प्रयोगशाळा काढली ती पुण्यास. तिचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांचा घोड्यांच्या सऱ्यावरील अहवाल १८९३ साली मुंबईस छापला गेला. त्याच साली ती प्रयोगशाळा कुमाऊंतील मुक्तेश्वर येथें नेण्यांत आली व तीच वाढत वाढत आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था बनली. चावऱ्या माशांकडून हा रोग पसरतो हें लिओनार्ड रॉजर्स यांनीं १९०१ साली प्रयोगानें सिद्ध केलें.

माशीचा हा व्यवहार नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण रक्ताची परीक्षा कोणत्या जनावराची करावी हें त्यावरूनच ठरतें. शास्त्रज्ञ जिला टॅबॅनस म्हणतात ती मोठी चावरी माशी डसली कीं जनावराला वेदना होतात. तें शेंपटी मारतें, कातडी थरथरवितें, आणि माशी अर्धवट पोटानें उडून शेजारच्या जनावरावर बसते. तिच्या सोंडेला लागलेलें ओलें रक्त, आणि त्याबरोबर जंतु, त्या दुसऱ्याच्या अंगांत जातात. जंतु माशीच्या पोटांत वाढत नाहीं. ती केवळ न धुतलेल्या सुईचें काम करते. म्हणूनच एकच सुई चार घोड्यांना टोंचणारा माणूसहि माशीइतकाच रोग पसरवूं शकतो. दुसरी गोष्ट अशी कीं, हाच जंतु म्हशींच्या व गाईंच्या रक्तांत राहतो, पण तेथें तो बहुतेक वेळां गाजावाजा करीत नाहीं. म्हैस थोडी सुकते, दूध कमी होतें, आणि दोष पावसाळ्यावर किंवा वैरणीवर जातो. तिच्या शेजारीं बांधलेलें घोडें मात्र थोड्या आठवड्यांत किंवा महिन्यांत मरणाच्या दारीं पोंचतें. घोड्याचा सर्रा हा पुष्कळदां म्हशीच्या खुंट्यापासून सुरू झालेला असतो.

आतां परीक्षेकडे वळूं. सर्वांत जुनी व साधी परीक्षा म्हणजे रक्ताचा ताजा थेंब कांचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहणें. जंतु जिवंत असेल तर तांबड्या पेशींना ढकलीत, उसळी मारीत पळतांना तो दिसतो. एकदां पाहिला कीं माणूस विसरत नाहीं. दुसरी रीत, रक्ताचा पातळ थर कांचपट्टीवर पसरून, वाळवून, गीम्सा नांवाच्या रंगानें रंगविणें. या दोन्हींत जंतु प्रत्यक्ष डोळ्यांनीं दिसतो, हा त्यांचा मोठा गुण. दिसला म्हणजे वाद संपला.

दिसला नाहीं तर मात्र वाद संपत नाहीं, आणि येथेंच बहुतेकांची फसगत होते. ओल्या थेंबांत जंतु नजरेस पडावयाचा तर एका मिलिलिटर रक्तांत त्यांची संख्या लाखाच्या घरांत असावी लागते. सऱ्याचा जंतु रक्तांत सदासर्वदा इतका नसतो. तो लाटांसारखा येतो. जंतु वाढतात तेव्हां ताप चढतो. शरीर त्यांना ओळखून मारूं लागलें कीं ताप उतरतो. पण त्यांतले कांहीं जंतु आपल्या अंगावरील वेष्टन पालटतात, शरीराला ते अनोळखी होतात, व पुन्हां वाढूं लागतात. म्हणून ताप उतरल्यावर सवडीनें, बाजाराच्या दिवशीं, घोडें दवाखान्यांत नेऊन घेतलेल्या रक्तांत जंतु न सांपडणें हें अगदीं स्वाभाविक आहे. तशा निकालावरून सर्रा नाहीं असें मानणारा मालक घरीं परत येतो, आणि पुढची लाट घोड्याला घेऊन जाते. आमचा आग्रह असा कीं, ज्याच्या घरीं घोडें आहे त्यानें जनावरांचा तापमापक घरीं ठेवावाच. निरोगी घोड्याचें तपमान विश्रांतीच्या वेळीं साधारण ९९ ते १०१ अंश फॅरनहीट असतें. घोडें सुस्त दिसूं लागतांच सकाळ-संध्याकाळ आंकडा लिहून ठेवावा, आणि तो वर चढलेला असतांनाच रक्त घ्यावें. थेंबासाठीं कानाच्या कडेची बारीक शीर चांगली.

साध्या थेंबांत न सांपडणारे जंतु पकडण्याची एक युक्ति आहे. केसासारख्या बारीक कांचेच्या नळींत रक्त भरून ती वेगानें फिरविणाऱ्या यंत्रांत कांहीं मिनिटें फिरवितात. तांबड्या पेशी तळाशीं जातात, वर पिवळसर पाणी राहतें, आणि दोहोंच्या मध्यें पांढऱ्या पेशींचा एक बारीक पट्टा जमतो. सऱ्याचे जंतु त्या पट्ट्याच्या कांठाशीं गोळा होतात. तेथें पाहिलें तर मिलिलिटरांत शंभर-दोनशें जंतु असले तरी हातीं लागतात. लाखाच्या जागीं शंभर, हा फरक लहान नव्हे. त्याच नळीवरून तांबड्या पेशींचा भागहि मोजतां येतो. निरोगी घोड्यांत तो शेंकडा ३० ते ४५ च्या आसपास असतो. वीसच्या खालीं गेला तर रक्त बरेंच आटलें असें समजावें. मात्र तो आंकडा रक्त आटल्याचें सांगतो, कशानें आटलें तें सांगत नाहीं. गोचिडांनीं, जंतांनीं, उपासमारीनेंहि रक्त आटतें.

दुसऱ्या जातीची परीक्षा जंतूला शोधीत नाहीं, त्याच्या खुणा शोधते. कोणताहि परका जंतु शरीरांत शिरला कीं त्याचा प्रतिकार करणारीं द्रव्यें रक्तजलांत तयार होतात. त्यांना प्रतिद्रव्यें म्हणतात. सऱ्यासाठीं बेल्जममधील अँटवर्प येथील संस्थेनें एक सोपी पत्त्यावरची परीक्षा तयार केली आहे. पांढऱ्या कार्डावर मारलेल्या व रंगविलेल्या जंतूंचा थेंब आणि रोग्याच्या रक्तजलाचा थेंब मिसळून पांच मिनिटें हलवितात. प्रतिद्रव्यें असलीं तर निळसर कणांच्या गुठळ्या होतात. एलायझा नांवाची परीक्षा याच तत्त्वावर चालते, पण तिला प्रयोगशाळा लागते आणि एका वेळीं पुष्कळ नमुने तपासतां येतात. या परीक्षांचा फायदा असा कीं, ताप नसतांना, लाट ओसरलेली असतांनाहि त्या रोगाची खूण दाखवितात. तोटा असा कीं, जंतु आतां अंगांत आहे कीं पूर्वीं येऊन गेला, हें त्यांना सांगतां येत नाहीं. उलट, रोग लागून थोडेच दिवस झाले असतील तर प्रतिद्रव्यें अजून तयारच झालेलीं नसतात, आणि घोडें तापानें फणफणत असतां परीक्षा निर्दोष येऊं शकते.

या मर्यादेचें एक बोलकें उदाहरण आपल्याच राज्यांत, आणि तेंहि माणसांत, घडलें आहे. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यांतील एका शेतकऱ्याला कित्येक महिने येऊन-जाऊन ताप येत होता. त्याच्या रक्ताच्या कांचपट्टीवर सऱ्याचा जंतु आढळला. हा जंतु माणसाला बाधत नाहीं अशी तोंवर समजूत होती, कारण माणसाच्या रक्तजलांतील एक द्रव्य त्याला मारून टाकतें. या रोग्याच्या रक्तांत जन्मतःच तें द्रव्य नव्हतें, असें पुढें आढळलें. सुरामिन या औषधानें तो बरा झाला. त्यानंतर त्याच्या गांवांतील अठराशेंहून अधिक माणसांची ती कार्डावरची परीक्षा केली, तेव्हां शेंकडा बावीसांहून अधिकांच्या रक्तांत कमी-अधिक खूण दिसली. परंतु ज्यांच्यांत ती खूण विशेष ठळक होती अशा साठ माणसांचें रक्त जंतूसाठीं तपासलें असतां एकाच्याहि रक्तांत जंतु मिळाला नाहीं. म्हणजे त्या गांवच्या लोकांना माशा रोगी जनावरांवरून उठून वारंवार डसत असाव्यात. शरीरानें जंतु पाहिला, ओळखला आणि संपविला. खूण तेवढी राहिली. घोड्याच्या परीक्षेचा कागद हातीं आला म्हणजे त्यावरील शब्द याच रीतीनें वाचावा. जंतु दिसला असें लिहिलें असेल तर घोडें रोगी आहे. प्रतिद्रव्यें आढळलीं असें लिहिलें असेल तर घोड्याची व जंतूची गांठ पडली आहे, इतकेंच. बाकीचें ताप, वजन आणि नळींतील पेशींचा आंकडा पाहून पशुवैद्यानें ठरवावयाचें.

अलीकडे पीसीआर नांवाची तिसरी रीत निघाली आहे. तींत जंतूचें बीजद्रव्य रक्तांत शोधून यंत्रानें लक्षपट वाढवितात, त्यामुळें अगदीं थोडे जंतु असले तरी त्यांचा माग लागतो. ती खर्चाची आहे आणि मोठ्या प्रयोगशाळेंतच होते.

सऱ्याच्या खालोखाल गोचिडांचा ताप. तांबड्या पेशींच्या आंत शिरून राहणारे थायलेरिया इक्वी व बबेशिया कॅबॅली असे दोन जंतु यास कारण आहेत. यांतला पहिला आपल्या देशांत अधिक. भारी आजारांत ताप, पिवळी पडलेली पापणी, आणि क्वचित् काळसर लाल लघवी हीं लक्षणें दिसतात. त्या वेळीं घेतलेल्या पट्टीवर पेशींच्या आंत जंतु दिसतो. थायलेरियाचीं चार रूपें जुळून कधीं कधीं क्रुसासारखी आकृति होते. पण घोडें या आजारांतून वांचलें तर थायलेरिया त्याच्या रक्तांत जन्मभर ठाण मांडून बसूं शकतो, आणि त्याची संख्या इतकी थोडी असते कीं दहा पट्ट्या पाहिल्या तरी दिसूं नये. येथें प्रतिद्रव्यांची परीक्षाच उपयोगी. घोडें वरून धडधाकट, अंगांत मात्र जंतु. गोचीड त्याचें रक्त पिऊन दुसऱ्या घोड्यावर गेली कीं रोग पुढें चालू. थकवा, लांबचा प्रवास, विणें अथवा शर्यतीचा ताण पडला तर त्याच घोड्याचा दबलेला रोग उसळूं शकतो. हरियाणांत हिस्सार येथें १९८५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रांत या जंतूच्या व सऱ्याच्या अशा दोन्ही परीक्षा होतात. त्याच केंद्राकडे ग्लँडर्ससाठींहि घोड्यांचें रक्त जातें. पण तो रोग परोपजीवी जंतूचा नव्हे, जिवाणूचा आहे, आणि एकाची परीक्षा निर्दोष आली म्हणजे दुसऱ्याचीहि झाली असें समजूं नये.

कंबर जाण्याच्या रोगाबद्दल दोन शब्द लिहिणें जरूर आहे, कारण डाग देण्याची पाळी बहुधा त्यापायींच येते. मागचे पाय ओढणें, वळतांना झोक जाणें, उठतांना धडपडणें, हें सऱ्यांत होतें आणि कुमरींतहि होतें. कुमरीला कारण एक बारीक दोऱ्यासारखा कृमि आहे. तो मूळचा गाई-म्हशींच्या पोटाच्या पोकळींतला; तेथें तो फारसा त्रास देत नाहीं, आणि त्याचीं पिलें त्यांच्या रक्तांत फिरतात. डांस तीं पिऊन घोड्याला चावला म्हणजे वाट चुकलेला कृमि घोड्याच्या पाठीच्या कण्यांतील मज्जेंत शिरतो. घोड्यांत तो पूर्ण वाढत नाहीं, त्याचीं पिलें घोड्याच्या रक्तांत येत नाहींत, आणि म्हणून रक्ताची पट्टी कितीहि पाहिली तरी कुमरी तींत दिसावयाची नाहीं. तरीहि रक्त घ्यावेंच. ताप नाहीं, पेशींचा आंकडा ठीक आहे, सऱ्याची खूण नाहीं, असें ठरलें म्हणजे पशुवैद्याची दृष्टि कुमरीकडे वेळेवर वळते. डागानें यांतलें कांहींच बरें होत नाहीं, घोड्याला यातना मात्र होतात.

राहतां राहिले पोटांतील जंत. लोकांच्या तोंडीं हेच अधिक असतात, पण रक्ताशीं यांचा संबंध थोडा वेगळा आहे. जंतांचीं अंडीं लिदींत येतात, आणि ताज्या लिदीची तपासणी हीच यांची पहिली, स्वस्त व खात्रीची परीक्षा. एका ग्रॅम लिदींत दोनशेंहून अधिक अंडीं मिळालीं तर औषध द्यावें, असा ढोबळ नियम पुष्कळ ठिकाणीं पाळतात. औषधानंतर दहा-चौदा दिवसांनीं पुन्हां लीद तपासली तर औषध लागू पडलें कीं नाहीं हेंहि कळतें. नेमानें दर दोन-तीन महिन्यांनीं सरसकट जंताचें औषध पाजण्याच्या चालीनें अनेक देशांत लहान तांबड्या जंतांना औषधांची दादच वाटेनाशी झाली आहे.

लीद जेथें फसविते अशा दोन जागा आहेत. लहान तांबड्या जंतांचीं पिलें आंतड्याच्या भिंतींत कवच करून कित्येक महिने निजून राहतात. तीं अंडीं घालीत नाहींत, म्हणून लीद स्वच्छ दिसते. मग एकाएकीं हजारोंनीं बाहेर पडलीं कीं घोड्यास भयंकर हगवण लागते आणि पुष्कळदां तें दगावतें. दुसरी जागा पट्टकृमीची: त्याचीं अंडीं रोज बाहेर पडत नाहींत. या दोहोंसाठीं ब्रिटनमध्यें रक्तांतील प्रतिद्रव्यांच्या परीक्षा काढल्या आहेत. पट्टकृमीची परीक्षा १९९० नंतरच्या दशकांत लिव्हरपूल येथें तयार झाली. लहान तांबड्या जंतांची परीक्षा स्कॉटलंडांतील मोरडुन संस्थेच्या संशोधनांतून निघून २०१९ पासून पशुवैद्यांना मिळूं लागली. या दुसरीचा हेतु लक्षांत घेण्यासारखा आहे. चरणाऱ्या घोड्यांत हे जंत थोडेबहुत असतातच. तेव्हां ती परीक्षा जंत आहेत का हें विचारीत नाहीं, त्यांचा भार इतका कमी आहे का कीं या खेपेस औषध टाळतां येईल, हें विचारते. औषध वाचविण्यासाठीं केलेली ही परीक्षा आहे. दोन्हींतहि औषधानंतर कांहीं महिने प्रतिद्रव्यें मागें राहतात, म्हणून औषध दिल्यावर लागलीच रक्त पाठविण्यांत अर्थ नसतो. आपल्या बाजूच्या घोडेवाल्यानें तूर्त लिदीच्या परीक्षेवरच भर द्यावा, हें बरें.

आतां रक्त काढून पाठविण्याची व्यवस्था. हें काम पशुवैद्याचें. पण शाहूवाडीच्या पावसांत नमुना बिघडतो तो काढल्यावर, आणि तेथें मालकाची दक्षता उपयोगी पडते. दोन नळ्या लागतात. एकींत रक्त गोठूं न देणारें द्रव्य असतें; बहुधा तिचें झांकण जांभळें असतें. रक्त भरतांच ती आठ-दहा वेळां हळूच उलटीसुलटी करावी. जोरानें हलविली तर पेशी फुटतात. नळी फिरविण्याची परीक्षा व पीसीआर यांना हें रक्त लागतें. दुसरी साधी नळी. तींत रक्त गोठूं द्यावें, म्हणजे वरचें रक्तजल प्रतिद्रव्यांच्या परीक्षेस मिळतें. दोन्ही नळ्या थंड ठेवाव्यात, पण बर्फाला चिकटवूं नयेत. गोठलेल्या पेशी फुटून नमुना वायां जातो. ओल्या थेंबाची परीक्षा दवाखान्यांत तेथल्या तेथें झाली पाहिजे, कारण बाहेर काढलेल्या रक्तांत जंतु फार वेळ तग धरीत नाहींत. मलकापुराहून कोल्हापूर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. इतक्या वाटेवर, घाटाकडील पावसांत मोटार अडली तर, जिवंत जंतूची आशा धरण्यापेक्षां कांचपट्टी तयार करून नेणें शहाणपणाचें.

पट्टी करतांना थेंब लहान घ्यावा आणि तो असा ओढावा कीं थर शेवटीं विरळ होत पिसाच्या टोकासारखा संपेल. जाड थरांत पेशी एकमेकींवर चढतात व कांहीं दिसत नाहीं. आषाढ-श्रावणांतल्या दमट हवेंत थर लवकर वाळत नाहीं आणि वाळेपर्यंत पेशींचा आकार बिघडतो. म्हणून पट्टी हातानें झटकून अथवा पंख्याखालीं ताबडतोब वाळवावी, चुलीवर शेकूं नये. वाळलेली पट्टी उघडी ठेवली तर माशा आणि मुंग्या वरचें रक्त चाटून नेतात, हें ऐकून हसूं येईल, पण अनेक चांगले नमुने असे गेले आहेत. मेथिल अल्कोहोलांत बुडवून ती पक्की करावी व कागदांत गुंडाळून ठेवावी. पट्ट्या दोन-तीन कराव्यात. तालुक्याच्या दवाखान्यांत निकाल लागला नाहीं तर पुण्यास औंध येथील पशुसंवर्धन खात्याच्या रोग अन्वेषण विभागाकडे, किंवा शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाकडे नमुना कसा पाठवावा तें डॉक्टरांस विचारावें. बरोबरच्या चिठ्ठींत घोड्याचें वय, तापाचे तारीखवार आंकडे, यापूर्वीं दिलेलें औषध आणि शेजारीं कोणतीं जनावरें बांधलेलीं आहेत हें लिहावें. तपासणाराला या चार ओळींचा उपयोग किती होतो याची पाठविणाराला सहसा कल्पना नसते.

औषध देण्यापूर्वीं रक्त घ्यावें असें आम्हीं आरंभींच म्हटलें, त्याचें कारण हें. सऱ्यावर क्विनापायरामिन हें औषध पुष्कळ वर्षें चालत आलें आहे, पण तें टोंचल्यावर घोड्याला सूज व अस्वस्थता येऊं शकते. गोचिडांच्या तापावरील इमिडोकार्बनें लाळ व पोटशूळ होऊं शकतो. आणि बैलांना सहज दिलें जाणारें डिमिनाझीन घोड्यांच्या बाबतींत फार जपून वापरावें लागतें, कारण पुरेशी मात्रा व अपायकारक मात्रा यांत अंतर थोडें आहे. यांतलें कोणतेंहि अंदाजानें, अर्धवट मात्रेंत टोंचलें तर ताप तात्पुरता उतरतो, जंतु रक्तांतून दिसेनासा होतो, पण मरत नाहीं. मग परीक्षेलाहि कांहीं सांपडत नाहीं आणि औषधालाहि जंतु सरावतो. औषध पुरें झाल्यावर बरेपणा पाहावयाचा तो प्रतिद्रव्यांवरून पाहूं नये, तीं महिनोनमहिने राहतात. तीन-चार आठवड्यांनीं नळी फिरवून जंतु शोधावा, आणि तांबड्या पेशींचा आंकडा वर चढतो आहे कीं नाहीं तें पाहावें.

घोडें विकत घेतांना दांत, खूर, भोंवरे पाहण्यांत आपले लोक तासन् तास घालवितात. रक्त पाहत नाहींत. भोंवऱ्यानें घर बुडाल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं. सऱ्याचा जंतु वाहणारें एक घोडें पावसाळ्याच्या तोंडीं गोठ्यांत आलें तर शेजारच्या म्हशींपर्यंत तो पोंचण्यास माशीला एक दुपार पुरते. तेव्हां बाहेरून आणलेल्या घोड्याचें रक्त आणल्याबरोबर एकदां व तीन-चार आठवड्यांनीं पुन्हां एकदां, जंतु व प्रतिद्रव्यें या दोन्हींसाठीं, तपासून घ्यावें. पहिल्या खेपेस कोवळा रोग हुकला तर दुसऱ्या खेपेस तो पकडतां येतो. घरच्या घोड्यास सर्रा निघाला तर त्याच गोठ्यांतील म्हशींचें व बैलांचेंहि रक्त तपासावें, नाहींतर औषधानें बऱ्या झालेल्या घोड्यास तो पुन्हां तेथूनच लागतो. निकाल हातीं येईपर्यंत नवें घोडें गुरांपासून शक्य तितकें दूर बांधावें, दिवसा माशांच्या वेळीं त्याच्याजवळ धूर ठेवावा, आणि त्याला वापरलेली सुई दुसऱ्या जनावरास लावूं देऊं नये.